आधी जेवा, मग वाढा

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच चिंता आहे: शुगर आहे, मग मंडळ, वारी, श्रमदान, शाळेचं काम सोडायचं का? आमचं मत सरळ आहे. काम सोडू नका, कामाच्या दिवशीचा क्रम बदला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटींच्या वर गेलेला दिसला. इतक्या माणसांना घरी बसवून गावगाडा चालायचा नाही. खाली दिलेलं सगळं नेहमी लागू पडणारं आहे. औषधाचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

प्रश्न : वय ४८, नऊ वर्षांपासून शुगर. सकाळी ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी एकत्र गोळी आणि रात्री इन्सुलिन. मंडळाच्या भंडाऱ्यात वाढत असताना दुपारी अडीचला हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, कुठल्या पानात काय वाढतोय ते कळेना. प्रसादाचे तीन पेढे खाल्ले, तरी बरं वाटायला बराच वेळ गेला. आता घरचे म्हणतात, मंडळ बंद. (वाचक, कराड)

त्या दिवशी काय चुकलं ते तुमच्या पत्रातच आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवलात की नाही, हे त्या गोळीला कळत नाही. सकाळी चहाबरोबर गोळी घेतली, मग आरती, नैवेद्य, पंगती. भाताचं घमेलं आणि आमटीची बादली घेऊन वाकत वाकत दोन तास वाढणं हा चांगलाच व्यायाम आहे आणि व्यायामाने साखर आणखी उतरते. आपल्याकडे वाढपी शेवटच्या पंगतीला बसतो. रीत मनाच्या मोठेपणाची आहे, पण ही गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने ती पाळायची नाही. तुम्ही पहिल्या पंगतीला बसा, नंतर बादली उचला. नैवेद्याआधी खाणं मनाला पटत नसेल तर त्या दिवशीची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आदल्या आठवड्यातच विचारा. ही गोळी दिवसाच्या पहिल्या मोठ्या जेवणाबरोबर घ्यायची असते, चहाबरोबर नव्हे.

आता पेढ्यांबद्दल. पेढा खव्याचा, म्हणजे स्निग्ध. स्निग्ध पदार्थ पोटातून सावकाश पुढे सरकतो. दुसरं कारण तुमच्या गोळीतलं व्होग्लिबोज. घरच्या साखरेचं आतड्यात ग्लुकोजमध्ये विघटन व्हावं लागतं आणि व्होग्लिबोज नेमकं तेच लांबवतं. जेवणानंतर साखर उडू नये म्हणून ते दिलेलं असतं, पण शुगर लो झाल्यावर तेच आड येतं. म्हणून ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे त्यांनी पेढा, साखर, चॉकलेट यांवर भरवसा ठेवू नये. ग्लुकोज पावडरच घ्यावी आणि तीही साधी. संत्रं-लिंबू स्वादाच्या पावडरींमध्ये बऱ्याचदा साखर मिसळलेली असते, पाकिटावरचा मजकूर वाचून घ्या. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज नसणाऱ्यांना तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून घेतली तरी चालते.

किराणा दुकानातल्या काट्यावर साध्या ग्लुकोज पावडरीच्या १५-१५ ग्रॅमच्या सहा पुड्या बांधून घ्या. दोन शर्टाच्या खिशात, दोन गाडीत, दोन मंडळाच्या कार्यालयात गणपतीच्या मखराजवळ. घाम, थरथर, अचानक लागलेली भूक, ओठांभोवती मुंग्या, चिडचिड यातलं काहीही जाणवलं की काम थांबवून खाली बसा. जवळ साखर तपासायचं मीटर असेल तर तपासा. आकडा ७० च्या खाली असेल, किंवा मीटर नसेल पण लक्षणं असतील, तर एक पुडी अर्ध्या पेला पाण्यात ढवळून प्या. १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. अजून ७० च्या खालीच असेल तर दुसरी पुडी. बहुतेकांची चूक या १५ मिनिटांत होते. घाबरून पेढा, केळं, सरबत, बिस्किटं सगळं एकदम खाल्लं जातं आणि दोन तासांनी साखर ३०० वर जाते. साखर वर आली की पोळीभाजी किंवा वरणभात खायचाच, कारण पुडीचा असर थोडा वेळच टिकतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांनी उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्या दिवशी रात्री झोपण्याआधी आणि शक्य असेल तर पहाटे तीनला एकदा तपासा.

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड दबून जाते, घाम मात्र येतोच. अशांनी घामालाच खूण मानावं.

मंडळातल्या निदान दोघांना हे सांगून ठेवा: ‘मी असंबद्ध बोलायला लागलो, उगाच चिडलो, तर ही पुडी पाण्यात कालवून द्या.’ आणि हेही सांगा की शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी, साखर, मध, काहीच नाही. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा.

विसर्जन मिरवणुकीची रात्र याहून वेगळी. ढोल कमरेला बांधून काही तास वाजवलात तर स्नायू पुढचे कित्येक तास, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, रक्तातली साखर ओढत राहतात. म्हणजे मिरवणुकीत आकडा १४० असतो, तुम्ही घरी येऊन झोपता आणि पहाटे तो ५५ वर येतो. त्या रात्रीच्या इन्सुलिनचं प्रमाण डॉक्टरांकडून आधी कागदावर लिहून घ्या. दर दीड-दोन तासांनी ढोल सोडून काहीतरी खा, आणि घरी मोटारसायकलवर निघण्याआधी तपासा. आकडा ९० च्या खाली असेल तर किल्ली दुसऱ्याकडे द्या.

प्रश्न : सासूबाई ६३ वर्षांच्या. चौदा वर्षं मधुमेह, तळपाय बधिर आहेत. दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर दिंडीत चालतात आणि दिंडीच्या स्वयंपाकाला हातभारही लावतात. गेल्या वर्षी टाचेला फोड आला तो कळलाच नाही, जखम भरायला तीन महिने लागले. मुलगा म्हणतो, आता वारी नको. त्या ऐकत नाहीत. (वाचक, लातूर)

दोघांचंही ऐकावं लागेल. बधिर पावलांनी आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर सलग चालणं हा धोका खरा आहे. पण वारीतून त्यांना काढलं तर त्यांचं मन ज्यावर उभं आहे तेच जातं.

जूनची वाट न बघता आत्ताच पावलांची तपासणी करून घ्या. डॉक्टर १० ग्रॅमच्या दाबाने वाकणारा नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवतात. तो वाकेपर्यंत दाबल्यावरही जाणवला नाही तर तिथली रक्षक संवेदना गेलेली असते. त्याबरोबर पावलातल्या नाडीचे ठोके बघतात. उघडी जखम असेल, नाडी लागत नसेल, किंवा एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम, लाल आणि सुजलेलं असेल तर या वर्षी चालणं नाही. गरम सुजलेलं पाऊल दुखत नसेल तरी आतली हाडं मोडत असू शकतात. असं पाऊल चालवलं की त्याचा आकारच कायमचा बिघडतो.

यातलं काही नसेल तर मधला मार्ग निघतो. पुणे-सासवड हा दिवे घाटाचा लांब टप्पा दिंडीच्या ट्रकमधून करायचा आणि बाकी टप्प्यांत सकाळचं अर्धंच अंतर चालायचं. ट्रक पुढे जातो, चूल आधी पेटते. त्या आधी पोचल्या तर स्वयंपाकाला त्यांचा उपयोग जास्तच होईल. चुलीजवळही पायात चप्पल हवीच. बधिर पावलाला निखारा कळत नाही आणि तापलेली डांबरी सडकही कळत नाही. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर दिंडीच्या महाराजांशी बोला, तेच त्यांना समजावतील.

बूट नवे नकोत. दोन महिने आधी घ्या, संध्याकाळी घ्या (तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं), सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहील असे घ्या आणि रोज एकेक तास वाढवत वापरून मऊ करा. पायमोजे सुती, आतून जाड शिवण नसलेले, निदान चार जोड. पाऊस असणारच, ओला मोजा बदलला नाही की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि तिथूनच जंतुसंसर्ग शिरतो. बूट घालण्याआधी दर वेळी उलटा करून झटकायचा आणि आत हात फिरवायचा. खडा किंवा मोज्याची घडी पावलाला कळणार नाही, हाताला कळेल.

रोज रात्री तंबूत बॅटरीच्या उजेडात दोन्ही पावलं बघायची. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवायचा किंवा शेजारणीला बघायला सांगायचं. लाल चट्टा दिसला तर दुसऱ्या दिवशी चालणं बंद. फोड आला तर फोडायचा नाही, सोलायचा नाही. स्वच्छ जाळीच्या कापडाने झाकायचा आणि वाटेवरच्या आरोग्य पथकाला दाखवायचा. दमलेले पाय गरम पाण्यात बुडवणं वारकऱ्यांना फार प्रिय, पण बधिर पावलांची कातडी तिथेच भाजून निघते. कोपराने पाणी बघायचं, किंवा गार पाण्यानेच पाय धुवायचे. कुरूपावर औषधी पट्टी लावायची नाही, तिच्यातलं आम्ल चांगल्या कातडीलाही भोक पाडतं. तेल तळव्याला आणि टाचेला लावा, बोटांच्या मध्ये नको.

एकादशीबद्दल: साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, खिचडीने साखर झपाट्याने चढते. त्याऐवजी छोटी वाटीभर वरीचा भात, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक असं दिवसातून तीन वेळा थोडं थोडं घ्यावं. निर्जळी मुळीच नको. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन अशी लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असेल तर उपवास, उलट्या, जुलाब या दिवसांत ती थांबवावी लागते, नाहीतर रक्तात आम्ल साचतं. या वेळी साखरेचा आकडा फारसा वाढलेलाही नसतो, त्यामुळे गफलत होते. ती कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

आणि एक सुचवू? दिंडीत शुगर असलेली माणसं बरीच असतात. रात्री सगळ्यांचे पाय बघण्याचं काम सासूबाईंनी अंगावर घ्यावं. आपली जखम ज्यांना कळली नाही, त्या दुसऱ्याची सहज ओळखतील.

प्रश्न : आमच्या मंडळाचं दरवर्षी रक्तदान शिबिर असतं. मी अध्यक्ष, पण मला शुगर असल्याने स्वतः रक्त देत नाही आणि ओशाळल्यासारखं होतं. (वाचक, इचलकरंजी)

इन्सुलिन घेत असाल तर आपल्याकडच्या नियमांप्रमाणे रक्तदान करता येत नाही. फक्त पथ्यावर किंवा गोळ्यांवर साखर नीट ताब्यात असेल, गेल्या चार आठवड्यांत औषध बदललेलं नसेल, उभं राहिल्यावर चक्कर येत नसेल, आणि नसांचा, रक्तवाहिन्यांचा त्रास किंवा जंतुसंसर्ग नसेल तर देता येतं. शिबिरातल्या डॉक्टरांना गोळीचं नाव स्पष्ट सांगा. नेत्रदानाला मधुमेहाची आडकाठी नाही, इन्सुलिन घेणाऱ्यांचेही डोळे चालतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून इच्छा घरच्यांना माहीत हवी. शिबिरात नेत्रदानाचं टेबल लावा आणि पहिला अर्ज तुमचा भरा.

प्रश्न : वय २३, अकराव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह (अंगात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही). उन्हाळ्यात गावात श्रमदानाला जाते, चर खणते. इन्सुलिन उन्हात ठेवायचं कसं? आई म्हणते, चारचौघांत इन्सुलिनचं पेन काढू नको, लग्नाला अडचण येईल. (वाचक, माण तालुका)

माण तालुक्याचा कोरडा उन्हाळा माठाला धार्जिणा आहे. मोठ्या तोंडाचा मातीचा माठ घ्या, त्यात लहान मडकं ठेवा, दोहोंच्या मध्ये वाळू भरा आणि सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी घाला. इन्सुलिन घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून लहान मडक्यात ठेवा, वर ओलं फडकं. माठ सावलीत आणि वाऱ्यावर हवा. बंद खोलीत पाणी उडत नाही आणि गारवाही येत नाही. कोकणातल्या दमट हवेत ही युक्ती फार चालत नाही. न उघडलेल्या कुप्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, दारात किंवा मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. वापरातलं पेन साधारण चार आठवड्यांनंतर टाकायचं, म्हणून सुरू केल्याची तारीख पेनवर चिकटपट्टी लावून लिहा. स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं, किंवा दुधी इन्सुलिनमध्ये हलवूनही गुठळ्या राहिल्या, तर टाकून द्या.

चर खणायच्या दिवशी इन्सुलिन पोटावर घ्या. मांडीवर घेऊन लगेच खणायला लागलं की रक्तप्रवाह वाढून ते भरभर शोषलं जातं. काम सुरू करण्याआधी तपासा. १०० च्या खाली असेल तर आधी भाकरीचा चतकोर किंवा केळं खा. २५० च्या वर असेल तर लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारी आम्लं) बघा. कीटोन असतील तर कुदळ हातात घ्यायची नाही. खणताना तासातासाने तपासा. श्रमदान पहाटे असेल तर आधीच्या इन्सुलिनचं प्रमाण किती कमी करायचं, ते डॉक्टरांसोबत दोन-तीन वेळा आकडे लिहून बसवावं लागतं. प्रत्येकाचं वेगळं येतं. पण दिवसभराचं मूळ इन्सुलिन टाइप वनमध्ये कधीच पूर्ण बंद करायचं नाही, उलटी होत असली तरी नाही.

आईंची काळजी समजते. तरी पेन लपवण्याच्या नादात जेवणाआधीचं इन्सुलिन जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने घेतलं जातं, कधी राहूनच जातं, आणि त्याची किंमत डोळे आणि मूत्रपिंडं मोजतात. सोबत खणणाऱ्यांना ठाऊक नसेल तर शुगर लो झाल्यावर त्यांना वाटेल ऊन लागलं आणि ते नुसतं पाणी मारत बसतील. म्हणून सांगा. आईंना पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडे सोबत न्या आणि लग्न, बाळंतपण यांविषयी त्यांनाच विचारू द्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, मला स्वतःला शुगर. गावातल्या वाचनालयात दर रविवारी सर्वांची शुगर मोफत तपासायची आहे. एक ग्लुकोमीटर आणि टोचायचं पेन आहे. (वाचक, भोर)

उपक्रम चांगला, पण ते पेन घरीच ठेवा. सुई बदलली तरी पेनच्या तोंडाला न दिसणारं रक्त लागलेलं राहतं आणि त्यातून कावीळ बी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. एकदा टोचून आपोआप आत जाणाऱ्या सुट्या सुया मिळतात, माणशी एक तीच वापरा. हातमोजे प्रत्येकाला नवे. मीटरला रक्त लागलं तर ते जंतुनाशकाने पुसल्याशिवाय पुढचा माणूस नाही.

आधी साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करायला सांगा. आंबा कापून आलेल्या बोटाला चिकटलेला रस आकडा शंभरावर वाढवू शकतो. बोटाच्या कडेला टोचा, टोकावर जास्त दुखतं. थेंब नीट येत नसेल तर हात खाली लोंबवून चोळायला सांगा. बोट पिळलं तर रक्तात पातळ द्रव मिसळतो आणि आकडा चुकतो. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, पावसाळी हवेत उघड्या पट्ट्या खराब होतात.

आकडा मोठ्याने सांगायचा नाही, वहीत लिहून दाखवायचा. गावात एकाचा ३२० दुपारपर्यंत पारावर पोचतो आणि पुढच्या रविवारी तो माणूस येत नाही.

औषध तुम्ही सुचवू नका, पुढे पाठवा. ज्याला शुगर असल्याचं माहीत नाही आणि आकडा १४० च्या वर आहे, त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या तिथे मोफत असतात. मीटरवर निदान करायचं नसतं. उपाशीपोटी शिरेतल्या रक्ताचा आकडा १२६ किंवा जास्त लागतो, आणि लक्षणं नसतील तर तपासणी दुसऱ्यांदा करतात. ३०० च्या वर आकडा आणि सोबत उलटी, पोटदुखी किंवा धाप असेल तर त्याच दिवशी इस्पितळ. शुगर असलेल्या प्रत्येकाला खोकला किती दिवस आहे तेही विचारा. दोन आठवड्यांच्या वर असेल तर बेडक्याची तपासणी, कारण मधुमेहात क्षयाचा धोका वाढतो.

वापरलेल्या सुया फिनेलच्या रिकाम्या, जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी गुंडाळा, ‘सुया’ असं लिहा आणि आरोग्य केंद्रात नेऊन द्या. तिथे जैविक कचरा वेगळा जातो. घंटागाडीत टाकलेली सुई कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात घुसते. आणि रविवारी सकाळी वाचनालय उघडण्याआधी तुम्ही न्याहारी करून निघा.